अक्षरावरची दोन टिंबे: स्वर तोडणारी आणि स्वर बदलणारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोएल, झोई, सिट्रोएन, ब्राँटी ही नावे रोमन लिपीत पाहिली की एका अक्षरावर दोन टिंबे दिसतात. जर्मन नावांवरही हुबेहूब तशीच टिंबे असतात. दोन्ही एकच का? उच्चार कसा करायचा, मराठीत नाव कसे लिहायचे, आणि संगणकावर ही टिंबे उमटवताना एवढा गोंधळ का होतो?

चिन्ह दिसायला एकच आहे, पण त्याला मुख्यतः दोन कामे दिलेली आहेत आणि ती एकमेकांशी संबंधित नाहीत. पहिले काम स्वर तोडण्याचे: शेजारी आलेले दोन स्वर एकत्र वाचू नका, सुटे वाचा. याला डायरेसिस म्हणतात; फ्रेंच आणि डच लोक त्रेमा म्हणतात. दुसरे काम स्वरच बदलण्याचे: इथे साधा 'ओ' नाही, ओठ गोल ठेवून 'ए' म्हणा. हा जर्मनमधला उमलाउट. कोणते काम चालू आहे हे टिंबांकडे कितीही निरखून पाहिले तरी कळत नाही, कारण छापलेल्या रूपात फरक नसतो. भाषा कोणती हे कळले की कळते. त्यामुळे अनुवादक, मुद्रितशोधक किंवा अक्षरजुळणी करणाऱ्याने असे नाव समोर आले की आधी ते कोणत्या भाषेतले आहे ते शोधावे. निम्म्या चुका ही पायरी गाळल्यामुळे होतात.

पुढे रोमन अक्षरे त्यांच्या इंग्रजी नावांनीच लिहिली आहेत: 'ए' म्हणजे पहिले अक्षर, 'ई' म्हणजे पाचवे, 'आय' म्हणजे नववे. उच्चार सांगायचा आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

मुळात गरज का पडते?

रोमन लिपीत स्वरांची चिन्हे थोडी आणि भाषांतले स्वर पुष्कळ. म्हणून बहुतेक भाषांनी दोन अक्षरे जोडून एक स्वर लिहायची सोय केली. फ्रेंचमध्ये ए-आय या जोडीचा उच्चार 'ए' होतो, डचमध्ये ओ-ई या जोडीचा 'ऊ'. सोय चांगली, पण जिथे दोन्ही अक्षरे खरोखर सुटी उच्चारायची असतात तिथे वाचणारा फसतो. फ्रेंचमध्ये एम-ए-आय-एस असे लिहिले तर उच्चार 'मे' आणि अर्थ 'पण'. त्याच शब्दात आयवर दोन टिंबे दिली की उच्चार 'माईस' आणि अर्थ मका.

देवनागरीत ही अडचण येतच नाही. 'कै' आणि 'कई' यांत घोळ होत नाही, कारण व्यंजनाला चिकटलेला स्वर मात्रेने लिहितात आणि सुटा स्वर पूर्ण अक्षराने. 'आई', 'पाऊस', 'घेऊन' लिहिताना वेगळे चिन्ह लागत नाही. सुट्या स्वराचे अक्षरच ते काम करते. मराठीत लिप्यंतर करताना हीच गोष्ट कामी येते, ते पुढे येईलच.

ग्रीक पपायरसापासून

चिन्हाचा उगम ग्रीक हस्तलिखितांत आहे. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदांवर, आयोटा आणि उप्सिलॉन या दोन अक्षरांवर दोन टिंबे वारंवार दिसतात. दोन प्रकार आढळतात. एकात टिंबे खरोखर शेजारच्या स्वरापासून अक्षर तोडतात. दुसऱ्यात ती शब्दाच्या सुरुवातीच्या आयोटावर किंवा उप्सिलॉनवर दिलेली असतात, मागे स्वर असो वा नसो. त्या काळी शब्दांमध्ये जागा सोडत नसत, त्यामुळे 'इथून नवा शब्द' ही खूण वाचणाऱ्याला उपयोगी पडत असावी. पपायरसांचे संपादक पहिल्या प्रकाराला सेंद्रिय आणि दुसऱ्याला असेंद्रिय म्हणतात. डायरेसिस या नावाचा ग्रीक अर्थ विभागणी, आणि त्रेमाचा अर्थ भोक किंवा फाशावरचे टिंब.

आधुनिक ग्रीकमध्ये हे चिन्ह जिवंत आहे. १९८२ साली ग्रीसने जुनी अनेक-आघाती लेखनपद्धत सोडून एकच आघातचिन्ह, म्हणजे उच्चारातला जोर दाखवणारी खूण, ठेवले, पण दोन टिंबे तशीच राहिली. त्यांचा एक बारकावा जाणकारांकडूनही सुटतो. जोडीतल्या पहिल्या स्वरावर आघातचिन्ह असेल तर टिंबांची गरज नसते, कारण आघात तिथे आहे म्हणजेच जोडी फुटली आहे. 'नेराइदा' म्हणजे परी, हा शब्द लहान अक्षरांत टिंबांविना लिहितात. पण सगळी अक्षरे मोठी केली की ग्रीकमध्ये आघातचिन्हे काढून टाकतात, आणि मग जोडी फुटल्याची खूणच नाहीशी होते. म्हणून मोठ्या अक्षरांत त्याच शब्दाच्या आयोटावर टिंबे द्यावी लागतात. सॉफ्टवेअरने सरसकट मोठी अक्षरे केली तर इथे चूक होते. मजकुराची भाषा ग्रीक आहे हे सांगितलेले असले तरच चांगली प्रणाली हे नीट करते.

फ्रेंच: नियम सोपा, अपवाद चविष्ट

फ्रेंचमध्ये टिंबे सहसा जोडीतल्या दुसऱ्या अक्षरावर येतात. नाताळचा 'नोएल', भाबडा या अर्थाचा 'नाईफ', देशाचे नाव 'इस्राएल' हे सरळ नमुने. द्वेष करणे या अर्थाच्या 'आईर' या क्रियापदात गंमत आहे. 'मी द्वेष करतो' या रूपात टिंबे नाहीत आणि उच्चार नुसता 'ए'. 'आम्ही द्वेष करतो' या रूपात टिंबे परत येतात आणि 'आ' नि 'इ' सुटे होतात. याच क्रियापदाच्या ज्या भूतकाळी रूपांत इतर क्रियापदांना छपरासारखे सर्कमफ्लेक्स चिन्ह लागते, तिथे ते सोडून टिंबेच ठेवतात, कारण एका अक्षरावर दोन्ही मावत नाहीत.

दुसरा गट जी-यू-ई असा शेवट होणाऱ्या शब्दांचा. फ्रेंचमध्ये शेवटच्या जी-यू-ई मधला यू एरवी उच्चारत नाहीत. तो फक्त 'ग' कठोर ठेवायला असतो. पण तीक्ष्ण या अर्थाच्या 'एग्यू'च्या स्त्रीलिंगी रूपात यू ऐकू यायला हवा. जुन्या पद्धतीत टिंबे शेवटच्या ई वर देत. तो ई मूक, म्हणजे उच्चार न होणाऱ्या अक्षरावर खूण आणि परिणाम मात्र मागच्या अक्षरावर. १९९०च्या लेखनसुधारणेने टिंबे यू वर आणली. आज दोन्ही रूपे बरोबर मानली जातात, म्हणून एका पुस्तकात एकच पद्धत धरावी. जुन्या लेखकाचा उतारा असेल तर त्याची टिंबे हलवू नयेत.

आता अपवाद. संगीतकार सँ-साँस यांच्या आडनावात ई वर टिंबे आहेत, पण तो ई उच्चारतच नाहीत. लेखिका मादाम द स्ताल यांच्या नावातही तेच. या जुन्या लेखनातून उरलेल्या खुणा आहेत. 'टिंबे आहेत म्हणजे दोन स्वर सुटे' असे धरून मराठीत 'सेंट सायेन्स' किंवा 'स्टाएल' लिहिले की उच्चार मुळापासून दूर जातो. नावांच्या बाबतीत नियमावर विसंबू नये, उच्चार तपासावा.

सिट्रोएन या मोटारीच्या नावाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आंद्रे सित्रोएन यांचे घराणे मूळचे डच. डचमध्ये ओ-ई म्हणजे 'ऊ', त्यामुळे ते आडनाव तिथे 'सित्रून' असे वाचले जाते आणि त्याचा अर्थ लिंबू. फ्रान्समध्ये ई वर टिंबे आली, स्वर सुटे झाले आणि लिंबू गेले. अक्षरे तीच राहून फक्त दोन टिंबांनी आडनावाचा उच्चार बदलला, याचे इतके ठसठशीत उदाहरण दुसरे नाही.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज

स्पॅनिशमध्ये टिंबे रोजच्या लेखनात फक्त यू वर येतात, तेही जी-यू-ई किंवा जी-यू-आय या जोडणीत. जी-यू-ई म्हणजे 'गे', यू मूक. यू उच्चारायचा असेल तर त्यावर टिंबे: पेंग्विनसाठीचा 'पिंग्विनो', लाज या अर्थाचा 'बेर्ग्वेन्सा'. म्हणजे फ्रेंचमध्ये खूण बहुधा दुसऱ्या स्वरावर, स्पॅनिशमध्ये पहिल्या. पुढे ए किंवा ओ असेल तर यू तसाही उच्चारला जातो, म्हणून पाणी या अर्थाच्या 'आग्वा'ला टिंबे द्यायची नाहीत. नवशिक्यांची ठरलेली चूक हीच. एकाच क्रियापदाच्या एका रूपाला टिंबे लागतात आणि दुसऱ्याला नाहीत, असे यामुळेच होते. मोठ्या अक्षरांतही ती गाळायची नसतात. स्पॅनिश कवींनी मात्र वृत्तासाठी, एक अक्षर वाढवायला, एरवी जोडून वाचल्या जाणाऱ्या स्वरांवरही टिंबे दिली आहेत. जुनी कविता छापताना ती चूक समजून काढू नयेत.

ब्राझीलमध्ये पोर्तुगीज लेखनात अशीच पद्धत होती. १९९०च्या लेखनकरारानुसार २००९पासून ती टिंबे गेली. पोर्तुगालने ती १९४५मध्येच सोडली होती. उच्चार बदललेला नाही. कोणत्या शब्दात यू उच्चारायचा आणि कोणत्यात नाही हे आता पाठ करावे लागते. माझ्या मते ही सुधारणा लिहिणाऱ्याच्या सोयीची आणि परभाषी वाचणाऱ्याच्या गैरसोयीची झाली. परदेशी विशेषनामांत आणि त्यांपासून बनलेल्या शब्दांत टिंबे ठेवायची मुभा आहे.

डच: इथे अक्षरजुळणीकाराची खरी कसोटी

डचइतका या चिन्हाचा काटेकोर वापर क्वचितच कुठे असेल. 'कोऑर्डिनात्सी' मध्ये दुसऱ्या ओ वर, 'रेयुनी' मध्ये यू वर, बेल्जियमच्या डच नावात शेवटच्या ई वर. समुद्र म्हणजे 'झे', दोन ई. अनेकवचनाला ई-एन लागते आणि सलग तीन ई होतात. तिसऱ्यावर टिंबे दिली की नवे अक्षर कुठे सुरू होते ते कळते.

आय-ई ने संपणाऱ्या शब्दांच्या अनेकवचनाला आघाताचा नियम आहे. आघात शेवटच्या आय-ई वर असेल, जसे 'मेलोडी', तर शब्द पूर्ण ठेवून पुढे टिंबांचा ई आणि एन जोडायचा. आघात आधीच्या अक्षरावर असेल, जसे 'बाक्तेरी' मध्ये, तर नवा ई येत नाही. आहे त्याच ई वर टिंबे आणि पुढे फक्त एन. हा फरक कानाने ओळखायचा असल्यामुळे परक्या मुद्रितशोधकाला शब्दकोश उघडावाच लागतो.

१९९६पासून जोडशब्दांत टिंबांऐवजी संयोगचिन्ह वापरतात. समुद्री बदक या अर्थाच्या शब्दात आधी टिंबे होती, आता मध्ये रेघ. पण संख्यावाचक शब्दांत, म्हणजे बावीस, तेवीस वगैरेंत, टिंबेच राहिली आणि उपसर्ग लागून झालेल्या शब्दांतही. लॅटिन शेवट असलेल्या 'म्युझियम'सारख्या शब्दाला मात्र कधीच टिंबे लागत नाहीत.

डच मजकूर जुळवणाऱ्याने सर्वात आधी पाठ करावा असा नियम पुढचा आहे. ओळ संपताना शब्द टिंबांच्या जागीच फुटला तर टिंबे गळतात. 'को' पहिल्या ओळीत, संयोगचिन्ह, आणि पुढच्या ओळीत साधा ओ. तुटल्याची खूण रेघेनेच दिली, मग टिंबांचे काम उरत नाही. हे आपोआप व्हायला मजकुराची भाषा डच अशी लावलेली हवी आणि प्रणालीच्या डच शब्दतोड नियमांत ही सोय हवी. नाही तर हाताने करावे लागते, आणि मजकुरात फेरफार होऊन ओळी बदलल्या की टिंबे परत द्यायला विसरायला होते. म्हणून हे काम शेवटच्या मुद्रितावर करावे, आधी नव्हे.

इंग्रजीत काय उरले

इंग्रजीत सहकार्य करणे या अर्थाच्या 'कोऑपरेट' या शब्दाची सुरुवात 'कूप' अशी वाचली जाऊ नये म्हणून पूर्वी दुसऱ्या ओ वर टिंबे देत. नंतर संयोगचिन्ह आले, आणि मग तेही गेले. आज ही सवय नेटाने पाळणारे ठळक नाव 'द न्यूयॉर्कर' हे साप्ताहिक. 'नाईव्ह' हा शब्द दोन्ही प्रकारे चालतो. झोई, क्लोई या नावांत टिंबे असली तर ती कुटुंबाची निवड. नसलेल्याला देऊ नयेत, असलेल्याची काढू नयेत. ब्राँटी भगिनींच्या आडनावात मागे स्वरच नाही, तरी शेवटच्या ई वर टिंबे आहेत: तो ई मूक नाही, उच्चारा, एवढेच ती सांगतात. हे आडनाव त्यांचे वडील पॅट्रिक यांनी घेतले. त्यांचे आयर्लंडमधले मूळ आडनाव ब्रंटी असे होते. आकाशनिरीक्षकांना परिचित असलेला भूतप तारकासमूह, ज्यात स्वाती हा तारा आहे, त्याच्या पाश्चात्त्य नावात दुसऱ्या ओ वर टिंबे असतात. ती गाळली की इंग्रजी वाचक बिचाऱ्याचा 'बूट' करतो, उच्चार 'बो-ओ-टीझ'.

उमलाउट: वेगळ्या घरचे टिंब

जर्मन टिंबांचा उगम ग्रीक नाही. मध्ययुगीन जर्मन लेखनात बदललेला स्वर दाखवायला ए, ओ, यू या अक्षरांच्या डोक्यावर छोटा ई लिहीत. जुन्या जर्मन हस्ताक्षरात ई दोन जवळजवळच्या उभ्या रेघांसारखा दिसे. लिहिता लिहिता रेघा आखूड झाल्या आणि टिंबे उरली. उमलाउट हे मुळात ध्वनिबदलाचे नाव. ते व्याकरणात पक्के केले ते याकोब ग्रिम यांनी, परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांपैकी थोरले.

हा इतिहास माहीत असला की एक व्यावहारिक नियम आपोआप समजतो. जर्मनमध्ये टिंबे देता येत नसतील तर मूळ अक्षरापुढे ई लिहितात, कारण टिंबे म्हणजे तो ईच. डायरेसिसला हा नियम लावला तर हसे होते: नोएलच्या टिंबांसाठी आणखी एक ई कधी घालू नये, तिथे नुसती टिंबे गाळायची. जर्मनमध्ये मात्र नुसती गाळली तर शब्दच बदलतो. 'द्रुकन' म्हणजे छापणे. यू वर टिंबे दिली की दाबणे. 'शोन' म्हणजे आधीच. ओ वर टिंबे दिली की सुंदर. उलट दिशेनेही जपावे. गटे यांच्या आडनावात ओ-ई ही दोन अक्षरेच आहेत, तिथे टिंबे घालू नयेत. झोस्ट या गावाच्या नावातला ई तर केवळ ओ लांबवण्यासाठी आहे. आणि फोक्सवागनचे दिवंगत प्रमुख फर्डिनांड पिएख यांच्या आडनावात, भाषा जर्मन असूनही, ई वरची टिंबे खऱ्या डायरेसिसची आहेत.

स्वीडिश आणि फिनिशमध्ये टिंबांचा ए आणि टिंबांचा ओ ही स्वतंत्र अक्षरे मानतात आणि वर्णक्रमात ती झेड नंतर येतात. जर्मनमध्ये शब्दकोशाच्या क्रमात टिंबे दुर्लक्षित असतात, तर नावांच्या याद्यांसाठीच्या क्रमात ती ई जोडल्यासारखी धरतात. फ्रेंच आणि डचमध्ये क्रम लावताना टिंबे मोजत नाहीत. एकाच सूचीत या सगळ्या भाषांची नावे असतील तर आधी एक पद्धत ठरवून प्रस्तावनेत लिहून टाकावी.

काही भाषांत टिंबे ही अक्षराचाच भाग झाली आहेत, तोडण्याचा किंवा उमलाउटचा संबंध नाही. अल्बानियनमध्ये टिंबांचा ई म्हणजे आपल्या 'अ'च्या जवळचा उच्चार. युक्रेनियनमध्ये दोन टिंबांचे अक्षर 'यि' असे वाचतात. रशियनमध्ये टिंबांचे अक्षर 'यो' आहे. ते प्रिन्सेस दाश्कोवा यांनी १७८३मध्ये सुचवले, आणि लेखक करमझिन यांच्यामुळे ते छापील मजकुरात रुळले. पण रोजच्या छपाईत रशियन लोक ही टिंबे गाळतात, आणि मग 'यो'चे 'ये' दिसते. आपल्या वर्तमानपत्रांतले 'गोर्बाचेव्ह' आणि 'ख्रुश्चेव्ह' तिथूनच आले. रशियन तोंडी ते 'गर्बाचोव' आणि 'ख्रुश्चोव' आहेत.

निव्वळ दिखाऊ टिंबेही आहेत. हेवी मेटल वाद्यवृंदांनी नावाला दरारा यावा म्हणून ती वापरली. मोटरहेडच्या दुसऱ्या ओ वरची टिंबे कोणताच उच्चार दाखवत नाहीत. 'हागेन-दाझ' हे आइस्क्रीमचे नाव डॅनिश वाटावे म्हणून अमेरिकेत रचलेले, आणि डॅनिशमध्ये टिंबांचा ए नसतोच.

संस्कृत, प्राकृत आणि जुनी मराठी रोमनमध्ये लिहिताना

आपल्याकडच्या अभ्यासकांना या चिन्हाची खरी गरज इथे पडते. रोमन लिप्यंतरात ए-आय म्हणजे 'ऐ' आणि ए-यू म्हणजे 'औ'. मग 'अइ' आणि 'अउ' कसे लिहायचे? संस्कृतात संधीमुळे शब्दाच्या पोटात दोन स्वर सहसा सुटे राहत नाहीत. राहिलेच तर त्याला विवृत्ति म्हणतात. शब्दांतर्गत विवृत्तीची दोन ठरलेली उदाहरणे म्हणजे तितउ आणि प्रउग. तितउ म्हणजे चाळणी, ऋग्वेदाच्या १०.७१.२ मध्ये सातू चाळण्याच्या उपमेत आलेली. प्रउग म्हणजे गाडीच्या धुरेचा पुढचा भाग. यज्ञवेदीची मापे सांगणाऱ्या शुल्बसूत्रांतली त्रिकोणी प्रउगचिती त्यावरूनच. हे शब्द रोमनमध्ये लिहिताना यू वर टिंबे द्यावीच लागतात. न दिल्यास 'तितौ' आणि 'प्रौग' वाचले जाते.

महाराष्ट्री प्राकृतात तर हे पावलोपावली आहे. मधले व्यंजन गळते आणि स्वर उघडा पडतो: कवीचा कइ, पतीचा पइ, मतीचा मइ. असा उघडा पडलेला, म्हणजे उद्वृत्त, स्वर मागच्या स्वरात मिसळत नाही असा नियम प्राकृत व्याकरणकार हेमचंद्राने दिला आहे. पद्माचे पउम होते, आणि विमलसूरीच्या 'पउमचरियं'चे नाव रोमनमध्ये टिंबांविना छापले की 'पौम' होते. जुन्या मराठीतल्या 'म्हणउनि'ला हेच लागू.

टिंबे कुठे नकोत तेही सांगायला हवे. आय वर दीर्घत्वाची आडवी रेघ असेल तर तो 'ऐ' असूच शकत नाही, त्यामुळे 'सई', 'मुंबई' शास्त्रीय लिप्यंतरात रेघेनेच स्पष्ट होतात. 'बाई' मध्ये दोन्हीकडे रेघ आहे, तिथेही नको. गरज फक्त ऱ्हस्व अ नंतर ऱ्हस्व इ किंवा उ आल्यावर. रेघ आणि टिंबे एकाच अक्षरावर रचण्याचा उत्साह टाळावा. बहुतेक फॉन्टांत ती एकमेकांवर चढतात.

मराठीत नाव लिहिताना

टिंबे तोडणारी असतील तर दुसरा स्वर सुट्या अक्षराने लिहा: नोएल, झोई, माईस, सिट्रोएन. मराठी बायबलमधले 'इस्राएल' हे रूप या दृष्टीने अगदी नेमके आहे. वर्तमानपत्री 'इस्रायल'मध्ये मधे 'य' शिरला. टिंबे उमलाउटची असतील तर सुटा स्वर चुकूनही घालू नका. टिंबांच्या ए या रोमन अक्षरासाठी मराठी 'ए' पुरतो. टिंबांच्या यू साठी 'यु' रूढ आहे, म्युलर, म्युनिक. अगदी बरोबर नाही, पण चालते. टिंबांच्या ओ ला मराठीत जवळचा स्वर नाही. श्रोडिंजर, गोडेल अशी रुळलेली रूपे ठेवावीत, आणि नव्या नावासाठी साधा 'ओ' धरून पहिल्यांदा उच्चाराची टीप द्यावी.

उमटवायची कशी आणि बिघडते कुठे

विंडोजवर ऑल्ट दाबून ठेवून उजवीकडच्या अंकपट्टीवर आकडे द्यावेत: लहान टिंबांच्या आयसाठी ०२३९, ई साठी ०२३५, ओ साठी ०२४६, यू साठी ०२५२, ए साठी ०२२८. सुरुवातीचे शून्य गाळले तर भलतेच अक्षर येते. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि अपूर्णविराम एकत्र दाबून सोडा आणि मग अक्षर दाबा. मॅकवर ऑप्शन आणि यू, मग अक्षर. फोनवर अक्षर दाबून धरले की पर्याय येतात. युनिकोडमध्ये दोन्ही कामांसाठी चिन्ह एकच आहे आणि नाव डायरेसिस. उलट वेबपानांच्या जुन्या संकेतांत सगळ्यालाच उमलाउटचे संक्षिप्त नाव आहे. नावांवरून काही सिद्ध होत नाही.

एकाच अक्षराची दोन रूपे असतात, हा पहिला सापळा. टिंबांचा आय हे एक जोडून आलेले चिन्ह असू शकते, किंवा साधा आय आणि त्यावर बसणारी सुटी टिंबे अशी दोन चिन्हे. डोळ्याला फरक नाही, पण शोध लागत नाही आणि अक्षरांची मोजणी चुकते. वेगवेगळ्या ठिकाणांहून मजकूर गोळा केला असेल तर काम सुरू करण्यापूर्वी सगळा मजकूर जोडरूपात, म्हणजे एनएफसी रूपात, आणून घ्यावा. आयचे स्वतःचे टिंब या दोन टिंबांना जागा देऊन नाहीसे व्हायला हवे. कच्च्या फॉन्टमध्ये तीन टिंबे दिसतात. लाटेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीत केलेल्या जुन्या पीडीएफमधून नक्कल केली तर टिंबे अक्षरापासून सुटी पडतात आणि मागे बिनटिंबाचा आय उरतो. तो साध्या आयसारखा वाटतो, पण तसा नसतो.

दुसरा सापळा संकेतनाचा, म्हणजे संगणक अक्षरे आकड्यांत साठवतो त्या पद्धतीचा. यूटीएफ-८ या युनिकोड संकेतनातला मजकूर जुन्या पाश्चात्त्य संकेतनात उघडला की प्रत्येक टिंबांच्या अक्षराजागी दोन चिन्हे येतात: आधी वर लहर असलेला मोठा ए आणि मागे दुसरे काही. त्या दुसऱ्यावरून मूळ अक्षर ओळखता येते. पाव हा अपूर्णांक दिसला तर यू, परिच्छेदाचे चिन्ह दिसले तर ओ, डावे कोनी अवतरण दिसले तर ई, आडवी रेघ दिसली तर आय. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दुहेरी टिचकीने उघडली की हे हमखास होते. डेटा मेनूतून आयात करून ६५००१ हे यूटीएफ-८ संकेतन निवडावे. आणि फाइलच्या अगदी सुरुवातीला टिंबांचा आय, उजवे कोनी अवतरण आणि उलटे प्रश्नचिन्ह अशी तिघे दिसली तर ते कोणाचे नाव नव्हे. ती फाइलची संकेतन-खूण आहे, काढून टाकावी.

जुन्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टात जुळवलेल्या पुस्तकांत आणखी एक घोटाळा असतो. त्या फॉन्टांनी मराठी अक्षरांचे तुकडे याच टिंबांच्या रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. मराठी वाक्यात टिंबांचे नाव घातले की टिंबांच्या अक्षराऐवजी एखादी मात्रा किंवा अर्धे अक्षर उमटते. तेवढ्या शब्दाला रोमन फॉन्ट लावावा लागतो, आणि पुढे सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलताना ते शब्द वगळावे लागतात. नाही तर बदलणारा प्रोग्राम त्या टिंबांनाही मराठी समजतो.

पॉल एर्डिश या हंगेरियन गणितज्ञाच्या नावातल्या ओ वर टिंबे नसून दोन तिरप्या रेघा आहेत. लहान टाइपात त्या टिंबांसारख्या दिसतात, आणि मुद्रितशोधक 'दुरुस्त' करून टिंबे घालतो. हंगेरियनमध्ये टिंबांचा ओ ऱ्हस्व आणि रेघांचा दीर्घ, दोन्ही वेगळे.

पारपत्राच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यांत टिंबे चालत नाहीत. तिथे जर्मन टिंबांच्या यू चे यू-ई होते, ओ चे ओ-ई. पण डच किंवा फ्रेंच टिंबांच्या ई चा नुसता ई आणि आयचा नुसता आय. जर्मनीत लग्न करून आडनाव बदललेल्यांनी किंवा मुलांची तिकडची कागदपत्रे करणाऱ्यांनी विमानाचे तिकीट काढताना वरच्या छापील नावावरून नव्हे, तर या ओळींत जसे आहे तसे नाव भरावे.